कॅन्सर त्या मुलाकडून लागत नाही

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास केस गळालेलं, मास्क लावलेलं मूल दिसलं की काही जण आपल्या पोराला जवळ ओढून घेतात. गावाकडेही अशा मुलाचं ताट वेगळं मांडलं जातं, शेजारची मुलं खेळायला येईनाशी होतात. कॅन्सर लागतो, हा समज साफ खोटा आहे. एका ताटात जेवल्याने, खेळल्याने, पापी घेतल्याने तो पसरत नाही.

धोका असतो तो त्या मुलाला, आपल्याकडून. केमोथेरपीने, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांनी, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. आपली साधी सर्दीही त्याला महागात पडते. मास्क त्यासाठी. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना फोन करून हॉस्पिटल गाठायचं. जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

मुलांमधल्या रक्ताच्या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात उपचार २ ते ३ वर्षं चालतात. एवढा काळ पोराला एकटं पाडणं हा अन्याय आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याला शाळेत येऊ द्या, बाकावर शेजारी बसू द्या. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर मात्र त्याच्या आईला त्याच दिवशी कळवा.