निरसं, सुटं आणि कायद्यातलं 'अन्न' : बेळगाव सीमाभागातल्या दुधाच्या वादाची पार्श्वभूमी

गवळ्याने दारोदार कच्चं दूध विकावं का आणि लोकांनी ते प्यावं का, यावर बेळगाव सीमाभागात वाद आहे. पण 'कच्चं दूध' हा शब्द बातमीत येतो, घरात फारसा येत नाही. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या मराठी घरात न तापवलेलं दूध म्हणजे निरसं दूध. नुकतं काढलेलं, भांड्याला हात लावला तर कोमट लागणारं ते धारोष्ण. गवळ्याच्या किटलीतून मापाने येतं ते सुटं, डेअरीचं ते पिशवीचं. शेजारच्या कानडी घरात निरशाला 'हसी हालु' म्हणतात. निरसं म्हटलं की दूध तापलंय का याचं उत्तर मिळतं आणि सुटं म्हटलं की ते कोण विकतंय याचं. वादात हे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळतात. 'निरसं पिऊ नका' असं डॉक्टर सांगतात आणि त्यातून 'सुटं विकू नका' असा अर्थ काढला जातो. गवळी चिडतो तो तिथेच, आणि त्याचं चिडणं मला पटतं.

कारण इथे निरसं दूध पितं कोण? गवळ्याचं माप पातेल्यात पडलं की पातेलं थेट चुलीवर जातं. दूध वर येतं, गॅस बारीक होतो, पुन्हा एकदा वर येऊ देतात, मग साय धरायला झाकून ठेवतात. पाश्चरायझेशनला 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद लागतात. घरातलं उकळणं त्याच्या कितीतरी पुढे जातं. कुंदा आणि खवा तर तासन्‌तास आटतात, तिथे निरशा दुधातल्या जंतूंचा प्रश्न फारसा उरत नाही. अपवाद आहेत. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यांवर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. तालमीतल्या पोरांना धारोष्ण दुधाचं वेड पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा अपवाद देवघरातला : पंचामृताला दूध निरसंच लागतं, आणि ते तीर्थ म्हणून पहिल्यांदा लहान मुलाच्या हातावर पडतं.

जुना इतिहास थोडक्यात. लष्कराने 1889 साली अलाहाबादला पहिला डेअरी फार्म काढला, तो छावणीतल्या गोऱ्या शिपायांना स्वच्छ दूध मिळावं म्हणून. छावणीबाहेरच्या गावाचं दूध कसं आहे, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. मुंबई इलाख्यात 1925 साली भेसळ प्रतिबंधक कायदा आला, बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. मग 1954 चा केंद्रीय कायदा, जो 1 जून 1955 पासून लागू झाला. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि दुधाचा तपासनीसही बदलला.

या सगळ्या कायद्यांच्या नावात शब्द होता 'भेसळ'. दुधाकडे पाहण्याची सरकारी नजर इथेच घडली. भीती पाण्याची होती, जंतूंची नव्हती. म्हणून मोजमाप ठरलं ते फॅटचं आणि फॅट वगळून उरणाऱ्या घन पदार्थांचं, म्हणजे एसएनएफचं. संकलन केंद्रावर आजही 'फॅट किती लागली' आणि 'डिग्री किती आली', म्हणजे लॅक्टोमीटरने कोणता आकडा दाखवला, एवढंच विचारतात. दूध किती स्वच्छ, हा प्रश्न त्या रांगेत मी कधी ऐकलेला नाही.

सीमेवर या आकड्यांनी वेगळाच घोळ घातला. जुन्या नियमांत म्हशीच्या दुधाची फॅट राज्यवार ठरलेली होती : महाराष्ट्रात किमान 6 टक्के, कर्नाटकात किमान 5 टक्के, एसएनएफ दोन्हीकडे 9. गाईच्या दुधाला दोन्ही राज्यांत 3.5 आणि 8.5. म्हणजे निपाणीकडच्या म्हशीचं साडेपाच फॅटचं दूध कोगनोळीच्या अलीकडे शुद्ध आणि कागलमध्ये कायद्याने कमअस्सल. म्हैस तीच, वैरण तीच, धारही एकाच सकाळची. पुढे राज्यवार यादी गेली आणि गाईच्या दुधाला देशभर 3.2 आणि 8.3 हा एकच निकष आला. पण मधल्या दशकांत आकडा चुकला म्हणजे गुन्हा, असाच हिशेब होता. 1995 साली उत्तर प्रदेशात घेतलेल्या एका नमुन्यात एसएनएफ 8.5 ऐवजी 7.7 भरलं, त्या दूधविक्रेत्याची शिक्षा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली, म्हणजे 24 वर्षांनी, कायम केली. तफावत थोडी आहे, हा बचाव चालला नाही. त्या नमुन्यातल्या जंतूंचा कुठे विषयच नव्हता.

आता मुख्य गुंता. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आणि 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झालेले त्याचे नियम यांनी 'भेसळ' मागे टाकून 'सुरक्षा' हा शब्द पुढे आणला. हे पाऊल चांगलंच होतं. पण त्या कायद्यात 'प्राथमिक अन्न' अशी एक व्याख्या आहे. शेती, बागायत, पशुपालन, दुग्धव्यवसाय यांतलं नैसर्गिक स्वरूपातलं उत्पादन म्हणजे प्राथमिक अन्न, पण केव्हा? तर ते शेतकरी किंवा मच्छीमार सोडून दुसऱ्या कोणाच्या हातात असेल तेव्हा. आणि 'अन्न' या शब्दात प्राथमिक अन्न येतं ते या व्याख्येपुरतंच. सरळ मराठीत सांगायचं तर गोठ्यात, शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत ते दूध कायद्याच्या दृष्टीने अन्न नाही. बांधावर उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या किटलीत ते ओतलं, की झालं अन्न.

कायदा लिहिणाऱ्यांचा हेतू समजतो. दोन म्हशी असलेल्या बाईला परवान्याच्या रांगेत उभं करायचं नव्हतं. पण येळ्ळूर, उचगाव, कडोली या बाजूचा गवळी कोण आहे ते पाहा. त्याच्या स्वतःच्या चार म्हशी, भावाच्या दोन, शेजारणीची एक. पहाटे सगळ्यांचं दूध एकाच किटलीत जातं. तो शेतकरी आहे आणि विक्रेताही. त्या किटलीतलं कुठलं लिटर अन्न आणि कुठलं नाही? या प्रश्नावर अधिकारी, वकील आणि गवळी तिघांची तीन उत्तरं ऐकायला मिळतात.

त्यावर सहकारी संस्थेची सूट. नोंदणीकृत दूध संस्थेचा सभासद असाल आणि सगळं दूध संस्थेलाच घालत असाल तर नोंदणी लागत नाही. जोर 'सगळं' या शब्दावर आहे. पण संस्थेला दूध घालणारं कुठलं घर चार घरांचा रतीब ठेवत नाही? रतीबाला भाव चांगला मिळतो, पैसे दर महिन्याला हातात येतात, आणि त्या चार घरांशी दोन पिढ्यांचा संबंध असतो. त्या चार घरांपायी सूट जाते, हे बहुतेकांना माहीतच नाही.

मग नोंदणी आणि परवाना यांच्यातली रेष. वर्षाला 100 रुपये भरून होणारी साधी नोंदणी कोणाला चालायची? 2011 च्या नियमांत दोन मापं दिली : वार्षिक उलाढाल 12 लाखांपर्यंत 'आणि/किंवा' दिवसाला 500 लिटरपर्यंत दूध हाताळणी. हिशेब करून पाहू. लिटरला 60 रुपये धरले तर 12 लाखांची मर्यादा दिवसाला 55 लिटरलाच संपायची. दोन किटल्या झाल्या, की लहान विक्रेता लहान राहत नसे. उलट 500 लिटरचं माप धरलं तर तोच माणूस वर्षाला एक कोटीच्या वर उलाढाल करूनही लहानच. 'आणि' वाचलं तर एक अर्थ, 'किंवा' वाचलं तर दुसरा. एका तिरप्या रेघेवर माणसाचा धंदा टांगलेला होता, आणि कोणत्या टेबलावर ती कशी वाचली जाईल हे त्याच्या हातात नव्हतं. त्यात कागद कानडीत किंवा इंग्रजीत. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक, तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत ही इथली जुनी मागणी. ती इतर ठिकाणी अस्मितेची वाटत असेल, इथे ती पोटाची आहे.

खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गवळीवाड्यांचं काय, हा प्रश्न तर कुठल्याच कागदात नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला म्हशी राखणारे धनगर गवळी पिढ्यान्‌पिढ्या रानात राहतात. चराईवर बंधनं आली, म्हशी कमी झाल्या. उरलेलं दूध विकायचं तर ते संकलन केंद्रापर्यंत नासण्याआधी पोचायला हवं, आणि पावसाळ्यात तिथली वाट कशी असते हे खानापूरच्या माणसाला सांगायला नको.

किटलीबद्दलही लिहितो, कारण तिच्यावरून बरंच बोललं जातं. किटलीच्या तोंडाशी गवळी गवताची एक जुडी खोचतो. खड्ड्यातून गाडी गेली तरी दूध हिंदकळून सांडत नाही. जुडी रोज ताजी, हिरवी, त्याच्या अंदाजाने स्वच्छ. स्वच्छतेच्या नियमात ती बसत नाही, आणि बसू नये. गवतावर माती असते, शेण असतं. पण ती काढायची तर घट्ट झाकणाची स्टीलची किटली परवडायला हवी. दंडाची पावती मिळते, किटलीला मदत मिळत नाही.

मग निरशा दुधाचा खरा धोका कोणता? इथे गवळ्याची बाजू घेणाऱ्यांनीही, म्हणजे मीही, डोळे मिटून चालणार नाही. पहिला धोका ब्रुसेला या जंतूचा. गाभण जनावर सातव्या-आठव्या महिन्यात गाभडतं, त्याला आपल्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात. हा रोग निरशा दुधातून माणसात येतो : येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधे धरणं. टायफॉइड म्हणून औषधं होतात आणि महिने जातात. पण दुधाइतकाच तो हातातूनही येतो. जार पडला नाही की कोपरापर्यंत हात घालून काढणारा गोठ्यातला माणूस सगळ्यात आधी सापडतो. त्याचं दूध उकळून पिणारा शहरातला ग्राहक सुरक्षित, तो नाही. 2019 च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या मोहिमेत 4 ते 8 महिन्यांच्या गाई-म्हशींच्या फक्त मादी वासरांना, म्हणजे कालवडींना आणि पारड्यांना, ब्रुसेलाची एकदाच द्यायची लस ठेवली आहे. माझ्या मते या साऱ्या वादातलं सर्वांत कामाचं पाऊल तेच, आणि त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

दुसरा धोका अफलाटॉक्सिनचा. बुरशी आलेली शेंगपेंड किंवा सरकी जनावराने खाल्ली की विष दुधात उतरतं. ते उकळून जात नाही, पाश्चरायझेशननेही जात नाही. 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुने तपासले. त्यांत भेसळीचे निघाले फक्त 12, आणि अफलाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त असलेले 5.7 टक्के. त्याआधीच्या, 2011 च्या पाहणीत 1,791 पैकी 68.4 टक्के नमुने निकषात बसले नव्हते, आणि 'देशातलं दोन तृतीयांश दूध भेसळीचं' असा मथळा झाला होता. त्या आकड्यात पाणी घातलेलं, फॅट कमी भरलेलं सगळंच धरलं होतं. लोकांच्या डोक्यात मात्र बसला तो मथळाच. 2016 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूधभेसळीला जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा विचार करायला राज्यांना सांगितलं. पेंडीच्या गोदामातल्या ओलीला कोणती शिक्षा?

चीजचा प्रश्न इथे वेगळ्या वाटेने आला. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, निरशा दुधाचं चीज हा परंपरेचा मुद्दा आहे. अमेरिकेत असं चीज किमान 60 दिवस मुरवावं लागतं, आणि 1987 पासून निरसं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे. भारतात चीज करायचं तर दूध किमान पाश्चरायझेशनइतकं तापवलेलं हवं, त्यामुळे तो वाद कागदावर मिटलेला आहे. पण कानडी कोशात 'चीज'ला शब्द दिलाय 'गिण्णु', आणि बेळगावात गिण्णु म्हणजे खरवस! म्हैस व्यायली की पहिल्या दिवसांचा चीक शेजाऱ्यांकडे जातो, भांडं रिकामं परत येत नाही. नियमानुसार विकायच्या दुधात चीक असता कामा नये. चीक तापवला की गोठतो, म्हणून त्याला डेअरीच्या यंत्रात जागाही नाही. तो वाफेवर घट्ट होतो, म्हणजे खाताना निरसा नसतोच. तरी 'गिण्णु' हा एकच शब्द दोन्ही पदार्थांना लागला, की ऐकणाऱ्याला आपल्या खरवसावरच गदा आली असं वाटतं.

गेल्या काही वर्षांत नवा विक्रेता आला आहे. काचेची बाटली, देशी गाय, 'फार्म फ्रेश', 'न प्रक्रिया केलेलं', आणि भाव गवळ्याच्या दुप्पट. 21 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय अन्न नियामकाने, म्हणजे एफएसएसएआयने, 'ए1', 'ए2' (दुधातल्या प्रथिनाचे प्रकार) हे दावे वेष्टनावरून काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत, 26 ऑगस्टला, तो आदेश मागे घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत बर्ड फ्लू सापडला आणि तिथला निरशा दुधाचा वाद पुन्हा पेटला. त्याचे व्हिडिओ बेळगावच्या फोनवर आले. बाटलीवाल्याचं गिऱ्हाईक दूध न तापवता पितं, कारण तेच विकलं जातंय. किटलीवाल्याचं गिऱ्हाईक तापवतं. तपासणीची गाडी आमच्या गल्लीत थांबते ती किटलीपाशी.

दरम्यान कर्नाटकात सहकारी संस्थेला दूध घालणाऱ्याला लिटरमागे सरकारी प्रोत्साहन मिळतं. निपाणीकडचा शेतकरी पलीकडच्या कोल्हापूरच्या डेअरीला दूध घालतो तेव्हा ते बुडतं, आणि रतीब घालतो तेव्हाही बुडतं. तरी दोन्ही चालू आहेत.

लसीकरण झालेल्या जनावराच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला असतो. त्यावरून जनावराची नोंद आणि दिलेल्या लसी कळतात. गवळ्याच्या नोंदणीच्या अर्जात नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार विचारतात. बिल्ल्याचा क्रमांक विचारत नाहीत.