इंजेक्टर मोठा, पण किती मोठा?

मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे नोझल) टाकले की गाडीची ताकद वाढते, असं वर्ध्यापासून वाशीमपर्यंत कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर जरा जास्तच. ताकद खरं तर हवेमुळे वाढते. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल द्यावं लागतं, आणि ते देताना कंपनीचा इंजेक्टर तोकडा पडला तरच नवा लागतो. उगाच बदलला, की पेट्रोल पिणारी आणि रेल्वे फाटकावर उभी राहिली की बंद पडणारी गाडी हाती येते.

इथे बोलतोय ते पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधी हवेच्या वाटेत पेट्रोल मारणाऱ्या, टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल. उदाहरणार्थ फियाटचं १३६८ सीसीचं टी-जेट इंजिन. लिनियात ते ११४ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) द्यायचं, अबार्थ पुंटोत १४५. सिलिंडरच्या आत थेट पेट्रोल मारणाऱ्या नव्या गाड्यांना आणि डिझेलला खालचं गणित लागू नाही.

पूर्ण रेसवर टर्बो पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७५ ग्रॅम पेट्रोल खातं. चार सिलिंडरमधून १८० हॉर्सपॉवर काढायची तर तासाला ४९,५०० ग्रॅम. लिटरचं वजन ७५० ग्रॅम धरलं तर हे झाले ६६ लिटर, म्हणजे मिनिटाला ११०० सीसी, एका इंजेक्टरच्या वाट्याला २७५. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. ८० टक्के वेळ उघडा धरून हिशेब केला की आकडा ३४४ होतो. त्यात आता पंपावर मिळतं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो. म्हणून तेवढ्याच हवेला ई-२० सुमारे ८ टक्के जास्त लागतं. आलो ३७० वर. आणखी एक, हिशेब मे महिन्याच्या दुपारचा नको, डिसेंबरच्या पहाटेचा धरावा. बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) तेवढाच असला तरी १० अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा १२ टक्के दाट असते, आणि दाट हवा जास्त पेट्रोल मागते. ४४० सीसीचा सेट इथे बरोबर बसतो.

हे ४४० म्हणजे ३ बार दाबाला मिनिटाला ४४० सीसी. संत्र्याच्या बागेत ड्रिप टाकलेल्यांना हे लगेच कळेल: साध्या ड्रिपरमधून दाब चौपट केला तर पाणी दुप्पटच येतं, आणि लाईनच्या शेवटच्या झाडाला दाब कमी म्हणून पाणीही कमी. इंजेक्टरचं भोक याच वर्गमुळाच्या नियमाने चालतं. मात्र मोजायचा तो दोन बाजूंच्या दाबातला फरक. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३ बार कायम आहे आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत) टर्बोने १ बार चढवला, तर फरक उरतो २ बार आणि ४४० चा इंजेक्टर ३५९ वर येतो. आपल्याला हवे होते ३७०. म्हणून रेलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असावी लागते, म्हणजे बूस्टइतकाच रेलचा दाबही वर सरकतो. मग पंपाने ४ बारला तासाला किमान ७१ लिटर, डिसेंबरच्या पहाटेचं धरलं तर ८० लिटर दिलं पाहिजे. पंपाच्या डब्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा कमी दाबाचा असतो. त्याचा तक्ता बघा, आणि पूर्ण रेसवर पंपाच्या पिनवर व्होल्ट किती पोचतात ते मल्टिमीटरने मोजा.

आता मुख्य भानगड. इंजेक्टर नळासारखा कमी-जास्त उघडत नाही. तो पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद असतो, आणि पेट्रोल किती जाणार हे तो किती मिलिसेकंद उघडा राहिला यावर ठरतं. इसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) करंट सोडला तरी भोक बंद करून बसलेली सुई लगेच उचलत नाही. आत तांब्याची कॉइल आहे, तिच्यातला करंट हळूहळू चढतो. चुंबकाचा जोर स्प्रिंग आणि पेट्रोलचा दाब या दोघांवर मात करेल तेव्हाच सुई हलते. करंट तोडल्यावर बंद व्हायलाही थोडा वेळ जातो. या दोन्हींचा फरक, म्हणजे करंट चालू असूनही फुकट गेलेला काळ, तो डेड टाइम. १४ व्होल्टला तो साधारण ०.९ मिलिसेकंद असतो, १२ व्होल्टला १.२, १० व्होल्टला दीडच्याही पुढे. व्होल्ट कमी तर करंट सावकाश चढतो, एवढंच कारण.

आयडलिंगला हे इंजिन तासाला साधारण ०.९ लिटर, म्हणजे मिनिटाला १५ सीसी पेट्रोल घेतं. इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटात ४०० वेळा, चौघांचे मिळून १६००. एका फवाऱ्यात जेमतेम ९.४ घनमिलिमीटर. २२० सीसीच्या इंजेक्टरला एवढं द्यायला २.५६ मिलिसेकंद लागतात, ४४० ला १.२८, हजारच्या इंजेक्टरला ०.५६. आता मे महिना, गाडी फाटकावर उभी, एसी चालू, रेडिएटरचा पंखा सुरू झाला, व्होल्ट खाली आले. इसीयूच्या तक्त्यात त्या व्होल्टचा डेड टाइम ०.२ मिलिसेकंदाने चुकीचा भरलेला असेल, तर २२० ला ८ टक्क्यांची चूक, ४४० ला १६ टक्क्यांची, आणि हजारच्या इंजेक्टरला ३६ टक्क्यांची. एवढ्या चुकीत आयडलिंग टिकत नाही. शिवाय इतक्या छोट्या वेळात सुई पूर्ण उचलायच्या आतच परत बसायला लागते, आणि मग मिलिसेकंद आणि पेट्रोल यांचं सरळ नातंच तुटतं. पूर्ण रेसवर हीच ०.२ ची चूक दीड टक्क्याच्या आत असते. म्हणून हायवेला सुसाट पळणारी गाडी गावात शिरली की भकभक करते, आणि दोष बिचाऱ्या प्लगवर जातो.

वरच्या टोकाची अडचण उलटी. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांचा पूर्ण वेळच २० मिलिसेकंद. त्यातले १६ वापरले की ८० टक्के झाले. त्याच्या फार पुढे गेलं तर दोन फवाऱ्यांमध्ये बंद व्हायला सुईला वेळ उरत नाही. इसीयूने आणखी मागितलं तरी पेट्रोल वाढत नाही, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टनचा माथा वितळतो.

यावरून खरेदीचा नियम निघतो: गरज भागेल असा सगळ्यात छोटा सेट घ्या, आणि व्होल्ट व दाबानुसार डेड टाइमचा छापील तक्ता सोबत नसेल तर घेऊच नका. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या इंजेक्टरवर फक्त सीसी छापलेले असतात, तेही खरे असतील याची खात्री नाही. चारही एकाच टेस्ट बेंचवर मोजून २ टक्क्यांच्या आत जुळलेले हवेत. मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स बघा: १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक इसीयूंना चालतो. २-३ ओहमचा जुन्या धाटणीचा इंजेक्टर थेट लावला तर इसीयूचा ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरला करंट सोडणारं सर्किट, जळतो. लांबी, कनेक्टर आणि फवाऱ्याची दिशाही जुळवा. दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर दोन धारांचाच घ्या, नाहीतर पेट्रोल मधल्या भिंतीवर आपटून ओघळतं.

पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवण्याचे पट्टे अजूनही आठवडी बाजारात विकले जातात. पेट्रोलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा नोंद घेण्याजोगा परिणाम होत नाही. बोनेटला लिंबू-मिरची बांधली तर निदान दहा-वीस रुपयांतच भागतं.

बसवताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलचा दाब उतरेल. इंजिन थंड झालं की बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. रेल उचलण्याआधी इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली काळ्या मातीची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा, नाहीतर ती सरळ व्हॉल्व्हवर पडते. ओ-रिंग नवीन आणि व्हिटॉनच्याच घ्या, साधं रबर इथेनॉलने फुगतं. ओ-रिंगला इंजिन ऑइलचा एक थेंब लावा, सिलिकॉन ग्रीस नको. सगळं जोडल्यावर किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक इंजेक्टरचं बूड तपासा, ओल दिसली तर स्टार्टर मारू नका.

मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं याचा इसीयूतला तक्ता, जमवायला वाइडबँड लॅम्डा सेन्सर लागतोच. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप: १ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. कंपनीचा साधा सेन्सर १ च्या आसपासच खरं सांगतो, आणि बूस्टवर आपल्याला ०.८० च्या जवळपास राहायचं असतं. आधी आयडलिंगवर एसी, हेडलाइट आणि पंखा एकेक करून चालू करा. लॅम्डा हलला तर डेड टाइमचा तक्ता दुरुस्त करा, पेट्रोलच्या मुख्य मॅपला हात लावू नका. ते स्थिर झाल्यावरच बूस्टकडे वळा. इंजिनात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी दोघांशी आधी बोललेलं बरं.

पहिले काही दिवस डिपस्टिक रोज बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली उतरतंय. ते ऑइल लगेच काढून टाका आणि मॅप दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.