टक्केवारीच्या आधी दराची हमी: युरोपच्या अक्षय ऊर्जा धोरणांची पूर्वपीठिका

२०३० पर्यंत एकूण ऊर्जावापरात अक्षय स्रोतांचा वाटा किमान ४२.५ टक्के असेल, आणि जमल्यास ४५ टक्के, असं बंधन युरोपीय संघानं २०२३ मध्ये स्वतःवर घालून घेतलं. बातम्यांत हाच आकडा फिरतो. त्यामुळे वाटतं, ब्रसेल्समध्ये कुणीतरी उद्दिष्ट ठरवलं आणि मग देशोदेशी पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्यक्षात पवनचक्क्या आधी आल्या, त्यांच्या विजेला दराची आणि वीजजाळ्याशी जोडणीची हमी देणारे कायदे नंतर आले आणि टक्केवारी सगळ्यात शेवटी. हा क्रम ध्यानात न घेता आजचे वाद समजून घेता येत नाहीत.

सुरुवात १९७३ च्या तेलसंकटापासून करावी लागते. डेन्मार्कची जवळजवळ सगळी ऊर्जा तेव्हा आयात तेलावर चालायची. संकट आलं तेव्हा तिथे रविवारी मोटारी रस्त्यावर आणायलाच बंदी झाली. सरकार आणि वीज कंपन्यांना उत्तर दिसत होतं अणुऊर्जेत. पण त्याविरोधात १९७४ पासून चळवळ उभी राहिली आणि या चळवळीनं नुसता नकार दिला नाही. पश्चिम युटलंडमध्ये उल्फबोर्गजवळ त्विंड नावाची शाळांची वसाहत आहे. तिथले शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी १९७५ ते १९७८ या काळात २ मेगावॅटची पवनचक्की स्वतःच्या हातांनी बांधली. काँक्रीटचा मनोरा ५३ मीटर उंच, पाती फायबरग्लासची. त्या वेळी ती जगातली सर्वांत मोठी पवनचक्की होती, आणि आजही फिरते आहे. त्याच सुमारास गावोगावचे सुतार, लोहार आणि शेतीची यंत्रं बनवणारे छोटे कारखाने लहान पवनचक्क्या बनवू लागले होते. व्हेस्टास ही आजची मोठी कंपनी त्यांतलीच एक.

सरकारनं १९७९ मध्ये पवनचक्कीच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याला एक अट होती: यंत्र रिसो इथल्या चाचणी केंद्रानं मान्य केलेलं असलं पाहिजे. माझ्या मते अनुदानाइतकंच मोल या अटीला आहे. पहिल्याच वादळात मोडणारी यंत्रं तिनं बाजूला काढली आणि गावकऱ्यांचा पैसा वाचवला. शेजारीपाजारी मिळून पवनचक्कीत भाग घ्यायचे, वीज विकून आलेला पैसा भागाप्रमाणे वाटून घ्यायचे. १९८५ मध्ये डॅनिश संसदेनं अणुऊर्जा नियोजनातून वगळली. १९९१ मध्ये विंडेबीजवळच्या उथळ समुद्रात ११ पवनचक्क्यांचा जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प उभा राहिला.

जर्मनीनं याच काळात उलटा रस्ता धरून पाहिला होता. सरकारी पैसा आणि बड्या कंपन्यांचं कौशल्य लावून १९८३ मध्ये ‘ग्रोव्हियान’ ही ३ मेगावॅटची राक्षसी पवनचक्की उभारली. ती काहीशे तासच चालली आणि काही वर्षांत पाडावी लागली. लहान यंत्रापासून शिकत मोठं होण्याचा डॅनिश मार्ग किती शहाणपणाचा होता, हे या अपयशावरून कळतं.

पण खरी कलाटणी मिळाली तीही जर्मनीतच, आणि ती एका अगदी छोट्या कायद्यानं. दक्षिण जर्मनीत, विशेषतः बव्हेरियात, ओढ्यानाल्यांवर लहान जलविद्युत केंद्रं चालवणारे पुष्कळ लोक होते. त्यांची वीज मोठ्या कंपन्या घ्यायच्याच असं नाही, आणि घेतलीच तर पडेल भावानं. त्यांची बाजू लावून धरणारे माथियास एंगेल्सबर्गर हे पुराणमतवादी सीएसयू पक्षाचे खासदार, आणि त्यांच्यासोबत उभे राहिले ग्रीन पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स. चेर्नोबिलच्या १९८६ च्या दुर्घटनेनं लोकमत तापलेलं होतंच. १९९० मध्ये दोन जर्मनींच्या एकीकरणाच्या धामधुमीत हा कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. कलमं होती जेमतेम पाच. सारांश असा की, आपल्या भागात तयार झालेली पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची वीज वीज कंपनीनं विकत घेतलीच पाहिजे. आणि वारा व ऊन यांच्या विजेला ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या किमान ९० टक्के भाव दिलाच पाहिजे.

आपल्या वाचकाला हे हमीभावासारखं वाटेल, आणि ते बरंचसं तसंच आहे. फरक इतकाच की पैसा सरकारी तिजोरीतून नव्हे, वीजबिलातून यायचा. आणि खरेदी करणाऱ्याला ‘माल नको’ म्हणण्याची सोय नव्हती. आता उत्तर जर्मनीतला शेतकरी हा कायदा घेऊन बँकेत जाऊ शकत होता. पवनचक्कीचं कर्ज देताना बँकेला एकच प्रश्न पडतो, उत्पन्न नक्की येणार का? त्याचं उत्तर आता लेखी होतं. पवनऊर्जेची वाढ इथून सुरू झाली. त्यातून जी जर्मन यंत्रं आणि कंपन्या घडल्या, त्यांचा धागा पुण्यापर्यंत येतो: सुझलॉननं सुरुवातीचं तंत्रज्ञान जर्मन कंपनीकडून घेतलं आणि २००७ मध्ये हॅम्बुर्गच्या रीपॉवर या कंपनीवर ताबाही मिळवला.

सौरऊर्जेला मात्र हा भाव अजिबात पुरेसा नव्हता, कारण तेव्हा पॅनेल फार महाग होती. ती अडचण शहरांनी सोडवली. आखेन शहरानं १९९५ मध्ये सौरविजेला युनिटमागे सुमारे २ मार्क, म्हणजे खर्च भरून निघेल इतका भाव द्यायला सुरुवात केली, आणि तोही २० वर्षांसाठी. हीच कल्पना पुढे देशाच्या कायद्यात आली. ग्रीन पक्षाचे हान्स-योसेफ फेल आणि समाजवादी लोकशाही पक्षाचे हेरमान शेअर यांच्या पुढाकारानं २००० चा अक्षय ऊर्जा कायदा झाला: प्रत्येक तंत्रज्ञानाला वेगळा दर, २० वर्षं स्थिर, जोडणीत अग्रक्रम, आणि नव्या प्रकल्पांसाठी दर वर्षागणिक कमी होत जाणार. ‘हे छुपं सरकारी अनुदान आहे’ हा आक्षेप युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. मार्च २००१ मध्ये प्रॉयसेनइलेक्ट्रा या वीज कंपनीच्या खटल्यात न्यायालयानं तो फेटाळला, आणि इतर देशांनाही वाट मोकळी झाली. जर्मन ग्राहकानं त्या वर्षांत वीजबिलात जे जादा पैसे भरले, त्यांतून सौर पॅनेलची बाजारपेठ उभी राहिली आणि किमती कोसळल्या. आज जगभर स्वस्त पॅनेल बसतात, त्यांत त्या ग्राहकाचा मोठा वाटा आहे. त्याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

हमी मोडली की काय होतं, ते स्पेननं दाखवलं. २००७ च्या शाही आदेशानं सौरविजेला भरघोस दर दिला. उद्दिष्ट होतं २०१० पर्यंत ३७१ मेगावॅट. ते काही महिन्यांतच पार झालं, आणि मुदत संपण्याआधीच्या घाईत एकट्या २००८ मध्ये अडीच हजार मेगावॅटहून अधिक पॅनेल बसली. किमती घसरत असताना दर आपोआप खाली आणण्याची सोय आदेशात नव्हती, आणि वाढता खर्च सरकार ग्राहकांच्या बिलातही पुरता टाकत नव्हतं. वीज व्यवस्थेत तूट साचत गेली. तिला इतर कारणंही होती, पण कुऱ्हाड कोसळली ती अक्षय ऊर्जेवर. २०१० पासून जुन्या प्रकल्पांचेही दर कापले गेले, २०१२ मध्ये नव्यांची मदत थांबली, २०१३ मध्ये आधीची दरपद्धतच रद्द झाली. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. सरकारच्या शब्दावर घर गहाण ठेवून पॅनेल घेतलेल्या स्पॅनिश कुटुंबांना तो मार्गही नव्हता. या साऱ्या इतिहासातला सर्वांत अन्यायकारक भाग मला हाच वाटतो.

आता टक्केवारीकडे. युरोपीय आयोगानं १९९७ च्या श्वेतपत्रिकेत २०१० साठी १२ टक्क्यांचं लक्ष्य मांडलं. २००१ च्या निर्देशात, म्हणजे संघानं सदस्य देशांसाठी केलेल्या कायद्यात, विजेपुरते राष्ट्रीय आकडे आले, पण ते केवळ मार्गदर्शक होते. पहिलं खरं बंधन २००९ च्या निर्देशानं घातलं: २०२० पर्यंत संपूर्ण संघासाठी २० टक्के, आणि प्रत्येक देशाला स्वतःचा आकडा. वाढीचा निम्मा भाग सगळ्यांना सारखा आणि उरलेला दरडोई उत्पन्नाप्रमाणे, असं सूत्र होतं. माल्टाला १० टक्के, जर्मनीला १८, फ्रान्सला २३, स्वीडनला ४९. संघानं २२ टक्के गाठले. स्वतःचा आकडा चुकला तो एकट्या फ्रान्सचा, १९ टक्क्यांवर.

पुढच्या फेरीत मात्र सरकारं सावध झाली. ऊर्जास्रोत निवडण्याचा हक्क संघाच्या पायाभूत लिस्बन करारानं सदस्य देशांकडेच ठेवला आहे. ब्रिटन आणि पोलंडसारख्यांनी त्यावर बोट ठेवलं. २०१८ च्या निर्देशात २०३० साठी ३२ टक्के आले, पण देशवार बंधन गेलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन वायूपासून सुटका हवी म्हणून आकडा ४२.५ झाला, तरी तो सगळ्यांचा मिळूनच. कुणी मागे राहिलं तर जबाबदार कोण, याचं धड उत्तर त्यात नाही.

हे टक्के एकूण ऊर्जेचे आहेत, नुसत्या विजेचे नव्हेत, हेही सांगायला हवं. घरं तापवणं आणि वाहतूक त्यात धरलेली आहे. म्हणून छायाचित्रं पवनचक्क्यांची असली तरी आकड्यातला निम्म्याहून जास्त भाग लाकूड, जैवइंधनं आणि इतर जैवभाराचा असतो. जंगलं जाळून गाठलेला टक्का वाऱ्याच्या टक्क्याइतकाच मोलाचा मानावा का, हा प्रश्न तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं विचारत आहेत आणि तो रास्त आहे.

दरम्यान दरहमीची जागा लिलावांनी घेतली. लिलावात दर उतरले, पण निविदेची कागदपत्रं आणि अनामत मोठ्या कंपन्यांना परवडते, गावच्या सहकारी संस्थेला नाही. मालकी दूर गेली तसा स्थानिक विरोध वाढला. बव्हेरियानं २०१४ मध्ये आणि पोलंडनं २०१६ मध्ये पवनचक्की घरांपासून तिच्या उंचीच्या दहापट दूर हवी असा नियम केला आणि नवी कामं जवळपास थांबली. पोलंडनं २०२३ मध्ये ते अंतर ७०० मीटरवर आणलं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून जमिनीवरच्या पवनचक्क्यांवर असलेली अघोषित बंदी २०२४ मध्ये उठली.

त्याच २०२४ मध्ये डेन्मार्कनं उत्तर समुद्रातल्या ३ हजार मेगावॅटसाठी अनुदानाशिवाय निविदा मागवल्या. डिसेंबरात मुदत संपली तेव्हा एकही आलेली नव्हती. यंत्रं आणि कर्ज दोन्ही महागले होते, आणि विजेला पुढे काय भाव मिळेल याची खात्री कुणी देत नव्हतं. त्यानंतर डॅनिश सरकार पुन्हा आधाराच्या दराकडे वळलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या वीजबाजार सुधारणेतही हीच दिशा आहे: बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला तर सरकार फरक भरून देईल, वर गेला तर उत्पादक जादा रक्कम परत करील. सरकारी दराधार मिळणाऱ्या नव्या वारा आणि सौर प्रकल्पांसाठी २०२७ च्या उन्हाळ्यापासून हीच पद्धत बंधनकारक होणार आहे.