प्रगती-श्रेणी (केस व्यवस्थापन प्रणाली)

समाजसेवी संस्थेकडे मदतीसाठी आलेल्या व्यक्तीची स्थिती ठरावीक मुदतीने आकड्यांत नोंदवण्याच्या पद्धतीला प्रगती-श्रेणी म्हणतात. निवारा, उत्पन्न, आरोग्य, व्यसनमुक्ती, पालकत्व अशा प्रत्येक क्षेत्राला समाजकार्यकर्ता स्वतंत्र श्रेणी देतो. केस, म्हणजे त्या व्यक्तीच्या मदतीची नोंद, उघडताना दिलेली पहिली श्रेणी हा पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया असतो.

थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्यसेवेसाठी मांडलेले ध्येयपूर्ती-मापन हे या पद्धतीचे एक महत्त्वाचे जुने रूप. त्यात प्रत्येकाचे ध्येय त्याच्यापुरते ठरते. अपेक्षेइतके साधले तर ०, फारच कमी साधले तर −२ आणि अपेक्षेच्या बरेच पुढे गेले तर +२.

या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिन (त्याची मांडणी सांभाळणारी व्यक्ती) आधी श्रेणीचे आकडे व त्यांची वर्णने भरतो, मग ती श्रेणी क्षेत्रांना आणि कार्यक्रमांना जोडतो. खरे काम वर्णनांचे आहे. ‘वाईट, ठीक, चांगले’ एवढेच लिहिले, तर एकाच कुटुंबाला दोन कार्यकर्ते दोन आकडे देतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. त्याऐवजी उत्पन्नाच्या २ पुढे ‘कमाई आहे, पण अनियमित, महिनाअखेर उसनवारी करावी लागते’ असे डोळ्यांना दिसणारे, विचारून खात्री करता येणारे वर्णन हवे. ही वर्णने प्रत्यक्ष भेटी घेणाऱ्या कार्यकर्त्यांसोबत बसूनच लिहावीत.

श्रेणीची दिशाही आधीच ठरवावी लागते. मुलांच्या गरजा व बलस्थाने तपासणाऱ्या ‘कॅन्स’ या साधनात गरजांसाठी ० म्हणजे गरज नाही आणि ३ म्हणजे तातडीने पाऊल उचलावे. याउलट स्वावलंबन तपासणाऱ्या अनेक तक्त्यांत मोठा आकडा चांगला. दोन्ही एकाच आलेखावर आले की सुधारलेले मूल घसरल्यासारखे दिसते.

‘लागू नाही’, ‘अजून विचारले नाही’ आणि ० हे तीन वेगळे पर्याय ठेवावेत. मूल्यमापनाची तारीख आणि नोंद भरल्याची तारीखही वेगळी असावी, कारण भेटीनंतर नोंद करायला बरेचदा काही दिवस जातात. वापरात असलेल्या आकड्याचे वर्णन मात्र मध्येच बदलू नये. तसे केल्यास जुन्या नोंदींचा अर्थ नकळत पालटतो. जुना पर्याय बंद करून नवा सुरू करणे हाच सुरक्षित मार्ग.

फेरमूल्यमापनाची मुदत सेवेनुसार ठरते. दर ९० दिवसांनी आणि केस बंद करताना, अशी रचना पुष्कळ ठिकाणी असते. श्रेणी व्यक्तीसोबत बसून ठरवली तर ती अधिक विश्वासार्ह होते. त्या व्यक्तीचे आणि कार्यकर्त्याचे मत जुळले नाही तर दोन्ही नोंदवण्याची सोय असावी, कारण त्या फरकातच पुढच्या संवादाचा विषय सापडतो.

सेवा अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची शेवटची श्रेणी बहुधा नसतेच. त्यांना वगळून काढलेली सरासरी प्रत्यक्षाहून उजळ दिसू शकते, म्हणून पहिली आणि शेवटची अशा दोन्ही नोंदी किती जणांच्या आहेत, हा आकडा अहवालात सरासरीच्या शेजारीच द्यावा.