मुलांची पोटगी : परदेशस्थ पालकाकडून वसुली

घटस्फोटानंतर आई-वडील दोन वेगळ्या देशांत राहत असतील, तर मुलाच्या पालनपोषणाचा खर्च कोणी, किती आणि कुठल्या कायद्याप्रमाणे द्यायचा, यावरून होणारा वाद. पोटगीचा हुकूम मिळवणे हा त्यातला त्यात सोपा भाग; खरे घोडे अडते ते वसुलीत. देणाऱ्याचा पगार किंवा मालमत्ता ज्या देशात आहे, तिथे हुकमाला मान्यता मिळाल्याखेरीज सहसा एक पैसाही वळता करता येत नाही.

ही मान्यता अनेकदा अधिकारक्षेत्रावर अडते. मूल राहते तिथल्या न्यायालयाला असा खटला चालवता येतो, अशी युरोपीय संघाची भूमिका आहे. अमेरिकेत मात्र देणाऱ्याचा स्वतःचा त्या राज्याशी काही संबंध असावा लागतो. कुल्को खटल्यात (१९७८) न्यूयॉर्कमधल्या वडिलांनी मुलीला कॅलिफोर्नियात आईकडे जाऊ दिले होते; तेवढ्यावरून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाला त्यांच्यावर अधिकार मिळत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

परदेशातून पोटगी वसूल करण्याविषयी संयुक्त राष्ट्रांचा करार १९५६ मध्ये न्यूयॉर्कला झाला. त्याहून नेमका आहे तो २३ नोव्हेंबर २००७ चा हेग करार; तो १ जानेवारी २०१३ पासून अंमलात आला. त्यानुसार अर्जदाराने आपल्याच देशातील केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. ते तो समोरच्या देशाच्या प्राधिकरणाकडे धाडते, आणि देणाऱ्याचा ठावठिकाणा व उत्पन्न शोधायला मदत होते. २१ वर्षांखालील मुलांच्या बहुतेक अर्जांना कायदेविषयक साहाय्य मोफत आहे. मूळ हुकूम देणाऱ्या देशातच मूल व त्याचा सांभाळ करणारा पालक राहत असतील, तर देणाऱ्याला रक्कम कमी करून घेण्यासाठी सहसा दुसऱ्या देशाचे न्यायालय गाठता येत नाही. पूर्वी ही पळवाट सर्रास वापरली जाई.

करारात नसलेल्या देशात दुसरी काही व्यवस्था नसेल, तर तिथे जाऊन नव्याने दावा लावावा लागतो. वकिलाचा खर्च थकबाकीच्या वर जाऊ लागला की अनेकजण नाद सोडतात, आणि बुडवणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

‘मुलाला भेटू देत नाहीत, म्हणून पैसे थांबवले’ हा बचाव नेहमीचाच; बहुतेक कायद्यांत भेटीचा हक्क आणि पोटगी या स्वतंत्र बाबी आहेत.

पगारकपात आणि खातेजप्ती हे वसुलीचे रूढ मार्ग. अमेरिकेत सरकारी वसुली यंत्रणेकडची थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली, की पासपोर्ट नाकारला जातो. परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला हे बहुधा नूतनीकरणाच्या वेळी कळते.