इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला मानसशास्त्र घ्यायचंय? आधी जन्मतारीख बघा

दरवर्षी मे-जूनमध्ये तोच फोन येतो. वडिलांना इंग्लंडमध्ये नोकरी लागलेली, मुलीला दहावीला नव्वद टक्के, आणि तिथल्या सिक्स्थ फॉर्मने, म्हणजे अकरावी-बारावीच्या शाळेने, नकार कळवलेला. मानसशास्त्राला फार चढाओढ असेल, असं घरचे धरून चालतात. चढाओढ आहेच; २०२४ मध्ये ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षेला, गणिताखालोखाल सर्वाधिक विद्यार्थी याच विषयाला होते. पण अर्ज बहुतेक वेळा त्यामुळे अडत नाही.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे इयर १२ आणि १३, आपली अकरावी-बारावी. बहुतेक मुलं तीन विषय घेतात. मानसशास्त्र आधी शिकलेलं असण्याची अट सहसा नसते. साधारणपणे जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या दहावीच्या परीक्षेच्या, पाच विषयांत ४ किंवा ५ ग्रेड (९ सर्वात वरची) मागतात, आणि गणित, इंग्रजी, कधी विज्ञानात त्याहून वरची. गणित कशाला, असं विचारू नका. एक्यूए या परीक्षा बोर्डाचे मानसशास्त्राचे दोन-दोन तासांचे तीन पेपर असतात, प्रोजेक्ट नाही, आणि किमान १० टक्के गुण गणिती कौशल्यांचे.

आता जन्मतारीख. इथली इयत्ता ३१ ऑगस्टला किती वय पूर्ण झालं त्यावर ठरते. मुलीचा जन्म २० सप्टेंबर २०१० चा असेल आणि ती मार्च २०२६ मध्ये दहावी झाली असेल, तरी सप्टेंबर २०२६ मध्ये इंग्लंडच्या हिशेबाने ती इयर ११ ची, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या एक वर्ष आधीची. दहावीचा निकाल दाखवून हा हिशेब सहसा बदलत नाही. अशा वेळी सिक्स्थ फॉर्मकडे हेलपाटे घालू नका, कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) शाळाप्रवेश विभागाशी बोला. उलट टोकही आहे: ३१ ऑगस्टला अठरा पूर्ण असतील तर त्या विद्यार्थ्यामागे कॉलेजला मिळणारा सरकारी निधी घटतो, मग कॉलेजं हात आखडता घेतात. बारावी करून येणाऱ्यांनी हे आधीच विचारावं.

दुसरी अडचण आपल्याकडे कुणाजवळच नसलेल्या कागदाची. अर्जात ‘प्रेडिक्टेड ग्रेड्स’चा, म्हणजे शाळेने वर्तवलेल्या अपेक्षित ग्रेड्सचा, रकाना असतो. आपल्या शाळा असं काही देत नाहीत, म्हणून लोक तो कोरा सोडतात आणि अर्ज तिथेच पडून राहतो. मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: पूर्वपरीक्षेचे विषयवार गुण, अपेक्षित गुण, सही-शिक्का. पत्र इंग्रजीतच हवं. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर त्याचंही प्रमाणित भाषांतर करून ठेवा.

एसएससीची जीसीएसईशी तुलना करणारं प्रमाणपत्र यूके एनिक या परदेशी पदव्या-प्रमाणपत्रांची तुलना करणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून मिळतं. सगळीकडे मागत नाहीत. मागतात का हे ईमेलवर लेखी विचारा, फोनवरचं ‘बहुतेक चालेल’ ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही.

व्हिसाचा पुरावा आता कार्ड नव्हे, ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे आपला ऑनलाइन व्हिसा दुसऱ्याला बघू देणारा कोड. तो ९० दिवसच चालतो. जानेवारीत काढलेला कोड ऑगस्टमध्ये दाखवून परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. पालकांसोबत वर्क व्हिसावर आलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलांना सरकारी सिक्स्थ फॉर्ममध्ये साधारणपणे फी पडत नाही. व्हिजिटर व्हिसावर आणून ‘बघू नंतर’ करू नका.

मुदतीचाही घोळ होतो. अकरावीसारखं देशभराचं एकच पोर्टल इथे नाही. प्रत्येक शाळा-कॉलेजचा अर्ज वेगळा, तारीख वेगळी. बरेच अर्ज आदल्या वर्षाच्या शरदात उघडतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत बंद होतात, म्हणजे आपली बोर्डाची परीक्षा व्हायच्याही आधी. मुदत गेली असली तरी विचारून बघा, जागा राहिल्या तर घेतात. शाळेला जोडलेल्या सिक्स्थ फॉर्मने नाकारलं तर अपील करता येतं, आणि ते विद्यार्थी स्वतःही करू शकतो.

मिळालेली ऑफर निकालाच्या अटीवर असते. जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतो आणि नावनोंदणी त्याच सुमारास, चार-दोन दिवसांत उरकते. मूळ गुणपत्रिका घेऊन मुलाने स्वतः हजर राहायचं असतं. ऑनलाइन निकालाची छापील प्रत पुरेलच असं नाही. त्यामुळे गणपतीला घरी जायची तिकिटं काढण्याआधी नावनोंदणीची तारीख कॉलेजकडून लेखी मागवून घ्या.