आयरिश ट्रॅव्हलर : पूर्वजांचा वाद आणि ओळखीची लढाई

आयरिश ट्रॅव्हलर म्हणजे आयर्लंडचा पिढीजात भटका समाज. ते मूळचे कोण, याचं आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर होतं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात ज्यांची घरं-जमिनी गेल्या, ते रस्त्यावर आले आणि रस्त्यावरच राहिले. वरवर ही सहानुभूतीची कथा. पण तिचा सोयीचा अर्थ असा निघे, की हे आपलेच गरीब, वाट चुकलेले लोक. घर दिलं की प्रश्न मिटला. सरकारी आयोगाच्या १९६३च्या अहवालाने नेमकं तेच धरलं. या लोकांना सर्वसाधारण समाजात सामावून घेणं हेच त्याचं उद्दिष्ट होतं. तोवर प्लॅस्टिकच्या बादल्या आल्याने कल्हई आणि पत्राकामाचा पिढीजात धंदा बसत चालला होता. पुढे त्यांच्या गाड्या थांबू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या थांबण्याच्या जागांवर मोठमोठे धोंडे आणून टाकले गेले. १९८३च्या दुसऱ्या अहवालाची भाषा बरीच मवाळ झाली, धोंडे मात्र जागच्या जागी राहिले.

ब्रिटनमध्ये रोमानी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर यांना सर्रास एकाच माळेत ओवलं जातं. रोमानींची मुळं भारतात, ट्रॅव्हलरांची आयर्लंडात.

खरा पेच कायद्यात होता. ब्रिटनच्या १९७६च्या वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण मिळवायचं तर आपण स्वतंत्र वांशिक गट आहोत हे सिद्ध करावं लागे. त्याची कसोटी ठरली एका शीख मुलाच्या फेट्यावरून. शाळेने फेट्यासह प्रवेश नाकारला, प्रकरण सर्वोच्च पातळीवर गेलं आणि १९८३मध्ये निकाल लागला : रक्त तपासायचं नाही, गटाला स्वतःचा दीर्घ, सामायिक इतिहास आणि स्वतःच्या चालीरीती आहेत का, एवढं पाहायचं. त्याच कसोटीवर १९८८मध्ये जिप्सींना मान्यता मिळाली. आयरिश ट्रॅव्हलरांना २०००पर्यंत थांबावं लागलं. लंडनच्या पबांनी त्यांना दारू द्यायला नकार दिला होता, आणि हा वेगळा वांशिक गटच नाही, असा पबवाल्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. उत्तर आयर्लंडच्या कायद्यात मात्र १९९७पासूनच त्यांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे शेजारच्या राज्यात मान्य झालेली गोष्ट खुद्द आयर्लंडचं सरकार आणखी वीस वर्षं टाळत राहिलं. समानता कायद्यांत ‘ट्रॅव्हलर समाज’ हे शब्द घातले, पण ‘वांशिक गट’ म्हणायची तयारी नव्हती.

फेब्रुवारी २०१७मध्ये ५० ट्रॅव्हलरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळ आयरिशच, पण बाकीच्या आयरिश लोकांपासूनची फारकत साधारण ३६० वर्षांपूर्वीची, म्हणजे दुष्काळाच्या कितीतरी आधीची. दुष्काळाची कथा तिथेच निकालात निघाली. मात्र फारकत अगदी १८५०ची निघाली असती, तरी शीख मुलाच्या निकालाप्रमाणे काय बिघडलं असतं? तरीही वर्तमानपत्रांनी हा ‘पुरावा’ उचलून धरला. १ मार्च रोजी आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत वांशिक गट म्हणून मान्यता जाहीर केली आणि त्याचबरोबर, यातून कोणताही नवा हक्क निर्माण होत नाही, हेही सांगून टाकलं.

इंग्लंडमध्ये वारं उलटं वाहतंय. तिथे १९६८च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली भटक्यांच्या गाड्यांसाठी तळ पुरवण्याची जबाबदारी १९९४मध्ये काढून घेतली गेली. २०२२च्या कायद्याने परवानगीविना ठोकलेला तळ सांगूनही न हलवल्यास आणि त्याने मोठा त्रास किंवा नुकसान होत असल्यास गाडी, म्हणजे राहतं घर, जप्त करण्याची सोय केली आणि हुसकावल्यावर त्याच जागी परतण्यावरची बंदी ३ महिन्यांवरून १२ महिन्यांवर नेली. पर्यायी तळच पुरेसे नसताना ही वाढीव बंदी मानवी हक्कांशी विसंगत ठरते, असं उच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये म्हटलं.